वकिलाच्या ऑफिसातलं सॉफ्टवेअर: अपग्रेड करायचं, बदलायचं की आहे तेच ठेवायचं?

केसेस, तारखा आणि हिशेब ठेवायच्या सॉफ्टवेअरच्या एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचं, बिल आलं की हा विषय निघतो. कंपनीचा माणूस फोनवर सांगतो, "साहेब, नवीन व्हर्जन आलंय, जुन्याचा सपोर्ट मार्चनंतर बंद." त्याच आठवड्यात बार रूममध्ये कुणीतरी दुसऱ्याच कंपनीचं ॲप मोबाइलवर दाखवतं. ज्युनिअर म्हणतात बदलूया, सीनियर म्हणतात डायरी आहे ना. कारकून काहीच म्हणत नाही, कारण त्याला कुणी विचारलेलंच नसतं. शेवटी जो जास्त बोलतो त्याचं खरं होतं.

पहिल्यांदाच हा निर्णय घ्यायची वेळ आलेल्या लहान ऑफिसांसाठी हे लिहितोय. एक सीनियर, दोन-तीन ज्युनिअर, एक कारकून, जमलं तर एक टायपिस्ट. कामं जिल्हा आणि तालुका कोर्टातली, थोडी हायकोर्टातली. ज्यांच्याकडे आयटीचं वेगळं खातं आहे त्यांना यातलं बरंचसं लागणार नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. फीचर्सची यादी समोर ठेवून हा निर्णय होत नाही. तुमचाच डेटा तुम्हाला अख्खा बाहेर काढता येतो की नाही, यावर तो ठरतो. म्हणून डेमो बघायला बसण्याआधी डेटा काढून बघा. लोक नेमकं उलट करतात: आधी डेमो, मग पैसे, आणि मग "आता जुना डेटा कसा आणायचा?"

पायरी १: आधी तक्रारी लिहून काढा

कारकुनाच्या टेबलावर एक शंभर पानी वही ठेवा. दोन आठवडे ज्याचं जे अडेल ते त्याने तिथल्या तिथे लिहायचं. "सॉफ्टवेअर स्लो आहे" असं मोघम नको. "उद्याचं बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) काढायला दहा मिनिटं लागली" किंवा "पक्षकाराचा फोन आला, पण नावावरून केस सापडली नाही" असं नेमकं हवं.

दोन आठवड्यांनी नोंदींच्या तीन वाटण्या करा. पहिल्या वाटणीत आपल्या सवयींचे दोष. तारीख चुकली, कारण ज्युनिअरने कोर्टात तारीख घेतली, फाइलच्या पाठीवर पेन्सिलने लिहिली आणि ऑफिसात आल्यावर ती कुणी फीडच केली नाही. याला कुठलंही सॉफ्टवेअर औषध नाही. दुसऱ्या वाटणीत सेटिंग बदलून, नवा कॉम्प्युटर घेऊन किंवा अपग्रेडने सुटणाऱ्या गोष्टी. तिसऱ्या वाटणीत मांडणीतच असलेली खोट: एका वेळी एकच माणूस काम करू शकतो, मूळ दावा, त्यावरचं अपील आणि नंतरची दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) एकमेकांना जोडता येत नाहीत, मराठीत नाव टाकलं की चौकोन दिसतात.

बदलायचा विचार फक्त तिसऱ्या वाटणीच्या जोरावर करायचा. माझ्या पाहण्यात बऱ्याच ऑफिसांत पहिली वाटणीच सगळ्यात जाड निघते, आणि ती वाचून दाखवायची वेळ आली की सगळे छताकडे बघू लागतात.

पायरी २: घरात काय आहे ते माहीत करून घ्या

हे अर्ध्या तासाचं काम आहे. व्हर्जन कोणतं, डेटा कुठल्या मशिनवर, बॅकअप कुठे जातो, ॲडमिनचा पासवर्ड कुणाकडे, लायसन्स कुणाच्या नावावर. यूएसबीचं लॉक असेल तर ते हरवल्यावर काय होतं, हेही विचारून ठेवा.

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे आज ना उद्या मशिन बदलावं लागणारच. तेव्हा जुनं सॉफ्टवेअर नव्या मशिनवर चालेल का? डॉसच्या काळातलं असेल तर ६४-बिट विंडोजवर ते थेट चालत नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येतं. व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये केलेलं बहुधा चालतं, पण मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोचा सपोर्ट २०१५ मध्येच थांबवलाय. अशी प्रणाली ज्या एका गृहस्थाने वीस वर्षांपूर्वी करून दिली, तो अजून फोन उचलतो का, हा तांत्रिक प्रश्नच समजा.

पायरी ३: डेटा बाहेर काढून बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. शनिवारची दुपार मोकळी ठेवा.

सॉफ्टवेअरमध्ये "एक्स्पोर्ट", "रिपोर्ट टू एक्सेल" असं जे काही असेल ते दाबा आणि सगळ्या केसेस बाहेर काढा. बटण आहे म्हणजे काम झालं असं धरू नका. पुष्कळदा फक्त समोर दिसणारी यादी बाहेर येते: केस नंबर, पक्षकार, पुढची तारीख. मागच्या तारखांना काय झालं, कोणत्या निशाणीवर (कोर्टाने क्रमांक दिलेल्या अर्जावर किंवा कागदावर) काय हुकूम झाला, पक्षकाराने कधी किती पैसे दिले, जोडलेली कागदपत्रं, हे आतच राहतं. रोजनाम्याच्या नोंदी आल्या नाहीत तर तुमच्या हातात नुसती नावांची यादी उरते.

मग फाइल उघडा आणि केस नंबरांचा रकाना बघा. ५/२०१८ या नंबरच्या जागी एक्सेलमध्ये "मे-१८" दिसेल. एक्सेलला तो महिना वाटतो. गंमत अशी की ११३/२०१७ जसाच्या तसा राहतो, कारण ११३ वा महिना नसतो. म्हणजे १ ते १२ नंबरांचे दावे तेवढे बिघडतात, बाकी यादी शहाण्यासारखी दिसते आणि वरवर बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. उपाय सोपा आहे. फाइल दोनदा क्लिक करून उघडायची नाही. एक्सेलमधून इम्पोर्ट करायची आणि तो रकाना "टेक्स्ट" म्हणून निवडायचा.

तारखांचंही तेच. आपण दिवस आधी लिहितो, काही सॉफ्टवेअर महिना आधी धरतात. २५ ऑगस्टची तारीख अशा ठिकाणी अडकते आणि चूक कळते, कारण पंचविसावा महिना नाही. पण ५ ऑगस्ट मुकाट्याने ८ मे होते. म्हणून तपासताना महिन्याच्या १ ते १२ तारखांना असलेल्या केसेस मुद्दाम निवडा.

आता मराठीची भानगड. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा मजकूर श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर बाहेर काढल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. मजकूर गेलेला नसतो. तो युनिकोडमध्ये नाही, इतकंच. कन्व्हर्टर मिळतात आणि ते चालतातही, पण रफार, रकार आणि जोडाक्षरं तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. "कर्वे" आणि "प्रकाश" धड आले की बरंच काही धड आलं.

युनिकोडमध्येही एक छुपा खड्डा आहे. "गोऱ्हे" किंवा "कऱ्हाड" यातलं अर्धं ऱ दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टाइप होतं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते वेगळे शब्द. एका टायपिस्टने एका पद्धतीने टाकलं, दुसऱ्याने दुसऱ्या, की शोधताना अर्ध्याच केसेस सापडतात. नव्या सॉफ्टवेअरमध्ये शोध याकडे कसा बघतो, ते अशाच एखाद्या नावाने तपासा.

शेवटी पडताळा. वीसेक केसेस निवडा, आणि सोप्या निवडू नका. एक वारसांची लांबलचक यादी असलेला वाटपाचा दावा घ्या. एक दावा असा घ्या की ज्याचं अपील झालं, केस परत खाली आली आणि आता दरखास्त चालू आहे. एक मोटार अपघाताची, एक कलम १३८ ची (चेक बाऊन्सची), एक तहसीलदार किंवा प्रांतांसमोरची, एक बंद झालेली पण ज्यात पक्षकाराकडून फी येणं बाकी आहे अशी. प्रत्येकीची फाइल कपाटातून काढून बाहेर आलेल्या डेटाशी ओळ न् ओळ ताडून बघा.

सक्षम प्रणालीतून हे वीसही प्रकार नीट बाहेर येतात. तसं झालं तर तुम्ही मोकळे आहात. अपग्रेड करा नाहीतर बदला, कुणी तुम्हाला अडवू शकत नाही. निम्मंच बाहेर आलं तर प्रश्न जास्त गंभीर आहे आणि घाईचाही, कारण जितके दिवस त्यात भर घालाल तितकं आत अडकत जाईल.

पायरी ४: सध्याच्या कंपनीला काय विचारायचं

पहिला प्रश्न: हे खरंच अपग्रेड आहे का? काही वेळा जुन्याच नावाने नवीनच वस्तू विकली जाते. जुनं तुमच्या मशिनवर होतं, नवं क्लाउडवर. जुना डेटा "मायग्रेट" करावा लागेल, आणि त्याचे पैसे वेगळे. असं असेल तर ते अपग्रेड नव्हे, बदलच. मग इतर कंपन्यांनाही त्याच रांगेत उभं करा आणि फक्त ओळखीचं नाव म्हणून सवलत देऊ नका.

दुसरा प्रश्न कंपनीच्या तत्परतेचा, आणि तो पारखायला अलीकडच्या दोन घडामोडी फार उपयोगी आहेत.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी भादंविच (भारतीय दंड संहिता) लागते, आणि अशा केसेस अजून वर्षानुवर्षं चालणार आहेत. म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये फसवणुकीचं जुनं कलम ४२० ही हवं आणि नवं ३१८(४) ही हवं, आणि कोणत्या केसला कोणतं हे गुन्ह्याच्या तारखेवरून ठरायला हवं. ज्या कंपनीने सरसकट जुनी यादी काढून नवी घातली तिला तुमचं काम कळलेलं नाही. जिने अजून नवी यादीच दिलेली नाही तिच्याबद्दल तर बोलायलाच नको.

दुसरी घडामोड कोल्हापूरची. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामं तिकडे गेली. या जिल्ह्यांतल्या वकिलांना आपल्या हायकोर्टातल्या केसेसचं कोर्ट बदलावं लागलं. कंपनीला सांगा, "एका रिट पिटिशनचं कोर्ट मुंबईवरून कोल्हापूर करून दाखवा, पण मागचा सगळा इतिहास तसाच राहिला पाहिजे." काही ठिकाणी याचं उत्तर येतं, "सर, जुनी बंद करून नवीन केस टाका." हे उत्तर लक्षात ठेवा. तुमचा जिल्हा या सहांत नसला तरी चाचणी तीच, कारण एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात वर्ग होणारी केस कुठेही असते.

बाकीचे प्रश्न थोडक्यात, पण उत्तरं ई-मेलवर मागा:
सपोर्ट नक्की कोणत्या तारखेला संपतोय?
अपग्रेडनंतर जुन्या व्हर्जनवर परत यायचं असेल तर येता येईल का?
मी पैसे भरणं बंद केलं तर माझा डेटा मला किती दिवस दिसेल, आणि कोणत्या स्वरूपात मिळेल?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर टाळलं गेलं तर तेच उत्तर समजा.

पायरी ५: नवं बघताना आपली केस घेऊन बसा

डेमोमध्ये कंपनी स्वतःची गुळगुळीत उदाहरणं दाखवते. तुम्ही मघाच्या वीसातल्या तीन-चार केसेस त्यांच्याकडून समोर बसून फीड करून घ्या, आणि माउस कारकुनाच्या हातात द्या. सॉफ्टवेअर रोज तोच वापरणार आहे. त्याला दुसऱ्या दिवशीचं बोर्ड कुणाच्या मदतीशिवाय काढता आलं नाही, तर बाकी सगळं शोभेचं.

चेक बाऊन्सची केस हा माझा आवडता गळ. बँकेकडून चेक परत आल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस; नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस; त्यानंतर एक महिन्यात तक्रार. इथे एक टप्पा दिवसांत मोजायचा आणि पुढचा महिन्यात, आणि मधल्या टप्प्याची सुरुवात नोटीस पाठवल्यापासून नव्हे, समोरच्याला मिळाल्यापासून. ही साखळी सॉफ्टवेअर नीट लावतं का ते बघा.

तसंच दिवाणी अपिलाच्या मुदतीचं. जिल्हा न्यायालयात ३० दिवस, हायकोर्टात ९०, हे सगळेच दाखवतात. पण सही-शिक्क्याच्या नकलेसाठी गेलेले दिवस मुदतीतून वगळायचे असतात. त्यासाठी नक्कल अर्जाची तारीख आणि नक्कल तयार झाल्याची तारीख टाकायला जागा आहे का? नसेल तर ते रिमाइंडर दाखवायला ठीक, भरवसा ठेवायला नाही. आणि असली तरी मुदत वकिलाने हाताने मोजायचीच.

ई-कोर्ट्सशी, म्हणजे कोर्टांच्या सरकारी साइटशी, जोडणी हा विक्रीचा हुकमी पत्ता. सोळा अक्षरी सीएनआर (प्रत्येक केसचा स्वतंत्र नंबर) टाकला की तारीख आपोआप येते, हे खरं, आणि उपयोगाचंही. पण साइटवर कॅप्चा आहे, साइट कधी बंद असते, कोर्टातून तारीख अपलोड व्हायला कधी संध्याकाळ तर कधी दुसरा दिवस उजाडतो. तेव्हा विचारायचं असं: जोडणी तुटली तर मला कळतं का, की सॉफ्टवेअर जुनीच तारीख दाखवत गप्प बसतं? यातलं दुसरं धोक्याचं. शिवाय ज्यांना सीएनआर नसतोच अशा कामांचं काय? महसुली अपिलं, रेराच्या तक्रारी, पक्षकाराला नुसती नोटीस पाठवून दिलेली कामं. "नंबर टाकल्याशिवाय केस सेव्ह होत नाही" म्हणणारं सॉफ्टवेअर तालुक्याच्या वकिलाच्या निम्म्या कामाला निरुपयोगी आहे.

कोर्टाच्या इमारतीत नेटवर्क मिळत नाही हे वेगळं सांगायला नको. मोबाइलवर नेटशिवाय आजचं बोर्ड दिसतं का, आणि तिथे टाकलेली पुढची तारीख नंतर आपोआप वर चढते का, हे फोन एअरप्लेन मोडवर टाकून तिथल्या तिथे तपासा.

हिशेबाचा भाग लोक शेवटी बघतात आणि तिथेच फसतात. पक्षकाराकडून आलेले पैसे फीचे की खर्चाचे, हे वेगळं दाखवणं बार कौन्सिलच्या नियमांनुसारही अपेक्षित आहे. कोर्ट फी स्टँप, समन्सचा भत्ता, नकलेचा खर्च एका बाजूला आणि फी दुसऱ्या बाजूला, असं खातं हवं. नुसता "मिळाले–बाकी" असा एकच रकाना असेल तर कारकून आपली लाल वही सोडणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

पायरी ६: पक्षकाराची गुपितं

घटस्फोटाच्या अर्जातला मजकूर, पोक्सोच्या केसमधली नावं, कंपनीची ताळेबंदं हे सगळं आपण या डब्यात घालतो. वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं गुप्त राखायचं बंधन साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे, आणि सर्व्हर दुसऱ्याचा म्हणून ते सुटत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. आत्ता करार करताना हे डोक्यात असू द्या.

क्लाउडला घाबरायचं कारण नाही. ऑफिसातल्या टेबलाखालचा, बॅकअप नसलेला, सगळ्यांना एकच पासवर्ड असलेला कॉम्प्युटर क्लाउडपेक्षा कितीतरी असुरक्षित असतो. फक्त एवढं बघा: सर्व्हर कुठे आहे, कंपनीचा कोण माणूस तुमच्या फाइली उघडू शकतो, प्रत्येकाचं लॉगिन वेगळं आहे का, आणि ज्युनिअर स्वतःची प्रॅक्टिस सुरू करायला निघाला की त्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद करता येतं का.

पायरी ७: तीन वर्षांचा खर्च मांडा

एका कागदावर तीन रकाने: आहे ते, अपग्रेड, नवं. प्रत्येकाचा तीन वर्षांचा आकडा. नव्याच्या रकान्यात डेटा आणायचे पैसे, शिकायला जाणारे दिवस, आणि दोन-तीन महिने दोन्ही चालवायचा खर्च धरा. माणशी दर असेल तर पुढच्या वर्षी येणारे ज्युनिअरही मोजा. सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी असतो आणि स्वतंत्र वकिलाला बहुतेक वेळा त्याची वजावट मिळत नाही, म्हणून आकडा जीएसटीसकटच लिहा. पहिल्या वर्षाच्या सवलतीवर जाऊ नका. दुसऱ्या वर्षाचा दर कोटेशनवर लिहून घ्या.

पायरी ८: आता ठरवा

डेटा नीट बाहेर येतो, तक्रारींची तिसरी वाटणी जवळपास रिकामी आहे आणि कंपनीने २०२४ चे बदल वेळेवर दिले, तर अपग्रेड करा आणि विषय संपवा. शेजारच्या ऑफिसात काय आलंय याच्याशी तुम्हाला काही घेणं-देणं नाही.

डेटा निम्माच बाहेर येतो, करणारा माणूस सापडत नाही किंवा नव्या मशिनवर ते चालणारच नाही, तर बदला. इथे मी वाट बघू नका असंच सांगेन, मग रोजचं काम कितीही सुरळीत चालू असो. हार्ड डिस्क विचारून बिघडत नाही.

या दोहोंच्या मध्ये असाल, म्हणजे डेटा येतो पण मांडणीच अपुरी आहे, तर कारकुनाचं मत दोन मतांइतकं धरा.

आणि एक तिसरी वाट आहे, जी विकणारा कुणीच सांगणार नाही. हातात पन्नास-साठच केसेस असतील, तर ई-कोर्ट्सचं मोफत ॲप, एक नीट आखलेली एक्सेल आणि वर्षाची डायरी एवढ्यावर काम झकास चालतं. ॲपमध्ये आपल्या केसेस सेव्ह करता येतात. पण ती यादी फोनमध्ये राहते, म्हणून अधूनमधून एक्स्पोर्ट करून ई-मेलवर ठेवा. फोन पाण्यात पडला की मग आठवण येते.

पायरी ९: बदलायचं ठरलंच तर

मुहूर्त मे महिन्याच्या सुट्टीचा. तो हुकला तर दिवाळीची सुट्टी. चालू बोर्डात हे काम काढणं म्हणजे भांडणाला निमंत्रण.

आधी फक्त चालू केसेस आणा. बंद केसेस मागाहून, आणि काही तर आणायच्याही नाहीत. हे नीट झालं की ई-कोर्ट्सवर सनद क्रमांकाने (बार कौन्सिलच्या नोंदणी क्रमांकाने) शोध घेऊन तुमच्या नावावरच्या केसेसची यादी काढा आणि नव्या सॉफ्टवेअरशी ताडून बघा. ज्या केसमध्ये वकीलपत्र दुसऱ्याच्या नावाने आहे आणि काम तुम्ही बघता, त्या या यादीत येणार नाहीत. त्या कपाटातल्या फाइलींवरून तपासायच्या. नावांच्या स्पेलिंगवर विसंबू नका, कोर्टात एकच "शिंदे" तीन तऱ्हांनी टाइप झालेले असतात. सीएनआर जुळला तरच केस जुळली.

पहिले दोन महिने रोज संध्याकाळी उद्याचं बोर्ड दोन्हीकडून काढायचं: जुन्यातून आणि नव्यातून. कागदी डायरी तिसरी साक्षीदार. दोन्हीत फरक पडला की त्याच संध्याकाळी कारण शोधायचं, उद्यावर ढकलायचं नाही. सलग महिनाभर दोन्ही बोर्डं तंतोतंत जुळली की जुन्यात फीड करणं बंद करा.

जबाबदारी एकाच माणसाची ठेवा आणि ती शक्यतो कारकुनालाच द्या. "अण्णा सांगतील ते फायनल" असं सीनियरने एकदा सगळ्यांसमोर म्हटलं की निम्मे वाद मिटतात. नव्या ज्युनिअरला अण्णांकडूनच शिकायला बसवा; कंपनीच्या ट्रेनिंगचा व्हिडिओ कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

जुनं सॉफ्टवेअर लगेच काढू नका. नेटपासून तोडलेल्या एका मशिनवर ते फक्त बघण्यापुरतं ठेवा, आणि पक्षकारांची सगळी खाती पीडीएफ करून दोन ठिकाणी जपा. जुनी कंपनी क्लाउडवाली असेल तर करार संपवताना सगळा डेटा मिळाल्याची खात्री करूनच त्यांच्याकडची प्रत पुसायला लेखी सांगा, आणि पुसल्याचं लेखी उत्तर घ्या. एएमसी आपोआप नूतनीकरण होणारी असेल तर करारात किती दिवस आधी कळवायचं म्हटलंय ते बघा आणि ती तारीख नव्या सॉफ्टवेअरमध्ये, डायरीत आणि अण्णांच्या लाल वहीत, तिन्हीकडे टाकून ठेवा.